आडनाव गावाचं, वतनाचं आणि वहीतलं

नाशकात राहणारा प्रत्येक जण नाशिककर, पण 'नाशिककर' आडनावाचं घराणं शोधायचं तर बाहेरगावीच पाहावं. गावात असताना कोणी कोणाला गावाच्या नावाने ओळखत नाही. सिन्नरकर, चांदवडकर, येवलेकर ही ओळख बहुधा गाव सुटल्यावरची. कुसुमाग्रजांचं घराणं निफाड तालुक्यातल्या शिरवाड्याचं, म्हणून शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते गजानन रंगनाथचे विष्णू वामन झाले. आडनाव तेवढं तेच राहिलं, कारण दत्तक घेणारे त्यांचे काकाच होते.

अर्थात प्रत्येक 'कर' मूळ गाव सांगतोच असं नाही. विंचूरकर सरदार मूळचे सासवडचे दाणी. विठ्ठल शिवदेवांकडे विंचूरची जहागीर आली आणि 'दाणी' मागे पडलं. आडनावावरून कुलदैवताचा माग काढायला निघालेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

जुन्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, आणि जोडीला मौजे व वतन एवढ्यावर पुष्कळदा भागे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हे तर हुद्देच. पाटलाचं मूळ आडनाव निकम असेल, पवार असेल, म्हणून सोयरीक जुळवताना "पाटील खरं, पण कुळी कोणती?" हा प्रश्न अजून येतो. इंग्रजी अमदानीत शाळा, कोर्ट, पलटण सगळीकडे एकच कायमचं आडनाव लागू लागलं. एका भावाने हुद्दा सांगितला, दुसऱ्याने कुळी. पुढे एकाच वाड्यातली पोरं पाटील आणि निकम झाली. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या. आडनावं मात्र कुणी सोडली नाहीत.

हा गुंता सोडवायचा तर रामकुंडावर नाहीतर त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे जावं. ते आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आजा-पणजा. नामावळीची वही उघडली की पणजोबा कधी, कोणाच्या अस्थी घेऊन आले, सोबत कोण होतं हे सापडतं. नशीब असेल तर त्यांच्या हातची मोडी सहीसुद्धा. तिथे आडनाव भलतंच निघालं तर दचकू नये, गाव आणि पिढ्यांची नावं जुळतात का ते पाहावं.

या वह्यांत मुख्यतः बापाकडून वंश मोजलेला. सरकारी कागदावर मात्र १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे.