मशीनने परत दिलेली नोट खोटीच असते का?

‘व्हेंडिंग मशीनने नोट परत दिली, किंवा घेऊनही पैसे कमी दाखवले, तर ती नोट बनावट समजा’ असा मेसेज बरीच वर्षे फिरतो. पटण्यासारखा आहे, पण खरा नाही.

मशीन सेन्सरने नोट वाचते आणि साठवलेल्या नमुन्याशी जुळवते. घडी, ओल, मळ किंवा सेन्सरवरची धूळ, यांमुळे अस्सल नोटही परत येते.

आत गेलेली नोट तर मशीनने मान्यच केलेली असते. मग रक्कम कमी दिसल्यावर ग्राहकावर संशय घेणे अन्यायाचे आहे. अनेक मशीनमध्ये मुख्य बोर्डाला रक्कम पल्समधून, म्हणजे विजेच्या छोट्या ठोक्यांतून कळते: १० रुपयांना एक पल्स असेल, तर ५० च्या नोटेला पाच. सैल कनेक्टरमुळे एक हरवला, की जमा ४०च.

मशीनवाल्याने पेटी उघडून तीच नोट पुन्हा पुन्हा घालावी, जमा रक्कम लिहावी. तूट अधूनमधून येत असेल तर आधी वायर आणि कनेक्टर बघावेत. दरवेळी तेवढीच येत असेल तर पल्सची सेटिंग, म्हणजे एका पल्सला किती रुपये धरले आहेत ते.

नोटेचीच शंका असेल तर ती उजेडात धरून जलचिन्ह पाहावे. ५०० ची नवी नोट तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो.