गायीचं शिंग आणि संत्र्याची मुळं

नागपुरातल्या एका कृषी प्रदर्शनात गायीची शिंगं विकायला मांडलेली पाहिली. शिंगात शेण भरायचं, हिवाळाभर जमिनीत पुरायचं, मग उकरून त्यातलं थोडंसं शेण पाण्यात ढवळून शिंपडायचं. शिंग म्हणे आकाशातली शक्ती ओढून घेतं! ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 साली व्याख्यानांतून मांडलेल्या बायोडायनॅमिक शेतीतला हा विधी. ती शक्ती आजवर कुणी मोजून दाखवलेली नाही.

पण म्हणून शेणखताला हसू नका. स्वित्झर्लंडमध्ये एका प्रयोगात 1978 पासून रासायनिक, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक पिकं शेजारी-शेजारी घेतली जातात. 21 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. रासायनिकच्या तुलनेत सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक पद्धतींत उत्पादन 20 टक्के कमी, पण खत आणि ऊर्जेचा वापर 34 ते 53 टक्के कमी. उधारीवर डीएपी (स्फुरदाचं रासायनिक खत) उचलणाऱ्या दोन एकरवाल्याला हा हिशेब लगेच कळेल. मला मात्र तिसरा आकडा आवडतो: मुळांवर मायकोरायझा 40 टक्के जास्त.

मायकोरायझा म्हणजे मुळांत राहणारी बुरशी. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला चिकटून बसतो, जागचा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा संपवतं, मग उपाशी. त्यात संत्र्याची मूळकेसं आखूड आणि विरळ. बुरशीचा तंतू काही मायक्रॉन जाडीचा. मूळ जिथं शिरत नाही त्या फटीतून तो काही सेंटिमीटर पुढे जातो.

गंमत अशी की, बोलावणं मुळाकडून जातं. स्फुरद कमी पडला की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतं. ती लागताच बुरशीला फांद्या फुटतात, ती मुळाच्या पेशीत शिरते आणि तिथं इवल्याशा झाडासारखी पसरते. याला आर्बस्क्यूल म्हणतात. इथं सौदा होतो: स्फुरद आत, साखर आणि स्निग्ध पदार्थ बाहेर. झाड आपल्या कमाईतला 20 टक्क्यांपर्यंत कार्बन तिला देतं. डीएपी भरभरून टाकलं की मूळ बोलावणंच कमी करतं.

बाजारात हीच बुरशी 'व्हॅम' नावानं मिळते. पण जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, आणि कोबी-मोहरीच्या मुळांत ती राहत नाही. संत्र्याच्या दोन ओळींमध्ये हरभरा असला तर बुरशीचं जाळं टिकतं. वर रोटाव्हेटर फिरवला, की तुटतं.