फुलरीन

फुलरीन : हिरा व ग्रॅफाइट यांच्याप्रमाणे कार्बनाचे एक बहुरूप. यात कार्बन अणू एकमेकांना जोडले जाऊन बंद, पोकळ पिंजरा तयार होतो. ६० कार्बन अणूंचा सी-६० हा गोलाकार रेणू या कुलात सर्वांत परिचित. त्याचा व्यास सुमारे ०.७ नॅनोमीटर आहे.

संरचना : सी-६० मध्ये १२ पंचकोन व २० षट्कोन असतात, फुटबॉलवरील शिवणीची मांडणी हीच. ऑयलरच्या सूत्रानुसार (शिरोबिंदू − कडा + पृष्ठे = २; येथे ६० − ९० + ३२ = २), प्रत्येक अणूला तीनच शेजारी असले, तर षट्कोन कितीही वाढोत, पंचकोन १२ च लागतात. पंचकोन एकमेकांना न भिडता मिटणारा सर्वांत लहान पिंजरा सी-६० चाच. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी रुजवलेल्या पद्धतीने, काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून, हा सांगाडा उभा करता येतो : तीन तोंडांचे ६० सांधे, ९० काड्या. मात्र सारख्या लांबीच्या काड्यांत एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. दोन षट्कोनांमधील बंध सुमारे ०.१४० नॅनोमीटर, तर पंचकोनाच्या कडेचा सुमारे ०.१४५ नॅनोमीटर असतो. त्यामुळे सी-६० ला गोलाकार बेंझीन (ज्याच्या वलयातील सर्व बंध सारखे असतात) समजण्याचे सुरुवातीचे मत आता मागे पडले आहे. विक्रियांत तो इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या अल्कीनासारखा (कार्बन-कार्बन द्विबंध असलेल्या संयुगासारखा) वागतो.

शोधाचे श्रेय : एइजी ओसावा यांनी १९७० मध्ये जपानी भाषेत या रेणूची कल्पना मांडली, १९७३ मध्ये बोचवार व गाल्पेर्न यांनी त्याची गणिते केली. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना लेसरने बाष्पीभूत केलेल्या ग्रॅफाइटात ७२० वस्तुमानाचा (६० कार्बन अणू × १२) ठळक संकेत मिळाला (नोबेल १९९६). पिंजऱ्याची रचना आधी कोणाला सुचली, याविषयी क्रोटो व स्मॉली यांची कथने जुळत नाहीत. छापील पुराव्यानुसार कल्पनेचा मान ओसावांना द्यावा लागतो. प्रायोगिक शोध निःसंशय ह्यूस्टनचा. तरीही तो संकेत म्हणजे रचनेची सिद्धता नव्हे. क्रेचमर व हफमन यांनी १९९० मध्ये हेलियम वायूत विजेच्या साहाय्याने ग्रॅफाइटचे बाष्पीभवन करून काजळीतून पुरेसे द्रव्य मिळवले, आणि अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनात (अणूंचा परिसर ओळखणाऱ्या एनएमआर तंत्रात) एकच रेषा दिसल्याने साठही अणू समतुल्य असल्याचे ठरले.

गुणधर्म : ही काळी काजळी टोल्युइन या द्रावकात ढवळून गाळल्यास लालसर द्रव उतरतो; वेगळ्या केलेल्या सी-६० चे द्रावण जांभळे असते. पोटॅशियमयुक्त सी-६० सुमारे १९ केल्विनखाली अतिसंवाहक (विद्युत् रोध शून्य असलेले) होते (१९९१). स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला २०१० मध्ये टीसी-१ या ग्रहीय अभ्रिकेत (ताऱ्याने अखेरच्या काळात बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगात) सी-६० आढळले.