पोळा ते मंडई (विदर्भातले सरत्या पावसाळ्याचे सण)

पावसाळा सरत आला की विदर्भातल्या खेड्यांत एकामागून एक जे सण लागतात, पोळ्यापासून थेट दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत (मंडई म्हणजे इथं भाजीबाजार नव्हे, गावची जत्रा), त्यांची ही नोंद. सगळे तिथीवरचे, म्हणून तारखा दरवर्षी मागंपुढं होतात, पण मोटामोटी ऑगस्टचा शेवट ते नोव्हेंबर. आता शहरातली पोरं ३१ ऑक्टोबरला हॅलोविनचे मुखवटे घालतात, मोबाईलवर तेच दिसतं, आणि गावातल्या पोट्ट्यांनाही वाटतं की सोंगं घ्यायचा आणि दारोदार खाऊ मागायचा सण तिकडचाच. तो मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळचा, जुन्या केल्टिक लोकांच्या सणावरून आलेला. तिथं आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, लोक अमेरिकेत गेले तसा भोपळा आला. त्याच लाल भोपळ्याला आपल्याकडं कोहळं म्हणतात, आणि पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी, कढी, वडे सगळं असून कोहळ्याची भाजी नसली तर आमच्या घरी ताट वाढलंच जात नाही.

पोळा श्रावण अमावस्येला. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणायची चढाओढ लागते, प्रत्येक झडतीच्या शेवटी हर हर महादेव, आणि तोरण तुटलं की पोळा फुटला. मग बैल घरोघर ओवाळून घ्यायला जातात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. लाकडी नंदीबैल दोरीनं ओढत पोरं घरोघर जातात, आणि घरचे पैसे नाहीतर खाऊ देतात त्याला बोजारा म्हणतात. बोजारा मागताना कोणाला लाज वाटत नाही, उलट पोरगं आपल्या दारी आलं नाही तर बाई विचारते, काहून रे आला नाहीस. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा सगळ्यात नावाजलेला, तिथले लाकडी नंदी माणसापेक्षा उंच असतात आणि चाकावर ओढत आणतात. नागपूर-वर्धा लाइनवरचंच स्टेशन आहे, एका दिवसात जाऊन येता येतं.

त्याच दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा गावाबाहेर घालवायचा सण. नागपूरच्या इतवारी-महाल भागातली काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, १८८० च्या दशकापासून निघते, सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे, महागाई असो की भ्रष्टाचार. ती गर्दी पाहायला लांबून लोक येतात आणि यावंच. पण खेड्यातली मारबत मला जास्त जवळची. पोळ्याला दारासमोर पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवलेले असतात, ते दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उचलून गावाबाहेर नेऊन टाकायचे आणि सगळ्या गल्लीनं ओरडायचं, खोकला-खरूज, इडापिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! अंधार असतो, पायाखाली चिखल, पळसाची ओली पानं हाताला लागतात, आणि ज्या घरी त्या वर्षी कोणी आजारी असतं त्या घरची बाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडते. हे ज्यानं ऐकलं त्याला भीती घालवायचा सण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, हा पोरींचा महिना. भुलाबाई म्हणजे पार्वती, माहेरी आलेली, आणि भुलोजी म्हणजे शंकर. मातीच्या मूर्ती कोनाड्यात नाहीतर पाटावर मांडतात, संध्याकाळ झाली की गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी म्हणतात. गाण्यांत सगळं सासर-माहेर, सासू, नणंद, रुसलेली सून, तिला न्यायला आलेला भाऊ. सात-आठ वर्षांच्या पोरी हे गातात, त्यांना काय कळतं असं वाटतं, पण आईला कळतं, ती दारात उभी राहून ऐकते आणि मधूनच तिचेही ओठ हलतात. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकलेला डबा कानाजवळ हलवून दाखवते, पोरी विचारतात गोड का तिखट, डब्यातून खडखड आली तर शेंगदाणे नाहीतर फुटाणे, नुसता थप् आवाज आला तर शिरा, आणि काहीच वाजलं नाही तर सगळ्या एकदम गोंधळ करतात. माझी आई डब्यात केळाचे काप कागदात गुंडाळून ठेवायची, म्हणून आमच्या घरचा खाऊ महिनाभर कोणाला ओळखू यायचा नाही. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात भुलाबाई बसवतात, तेव्हा ज्वारी नुकती निसवलेली असते. घराण्यातल्या पहिल्या लेकराला त्याच रात्री ओवाळतात. पाहुण्याला इथं बसून पाहता येतं, कोणी नाही म्हणत नाही. मात्र ज्या गावात ज्वारीचा पेरा कमी झाला तिथं धांडे शोधत फिरावं लागतं, आणि पोरी ट्युशनला असतात, म्हणून आता भुलाबाई बऱ्याच ठिकाणी महिन्याची पाच दिवसांवर किंवा नुसती कोजागिरीवर आलीय. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दसऱ्याला आपट्याचं सोनं सगळीकडंच. नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्या दिवशी गावागावांतून लाखो लोक येतात, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, तिथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरलाही दीक्षेचा सोहळा झाला, तिथंही दरवर्षी गर्दी लोटते. परतताना लोकांच्या पिशव्यांत पुस्तकं असतात, ते पाहायला तरी एकदा जावं.

दिवाळीत चंद्रपूर-यवतमाळकडच्या राजुरा, जिवती, केळापूर, झरी या पट्ट्यात गोंड-कोलाम आदिवासींच्या पाड्यांवर दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांचा जथा, निघते. त्यातला घुसाडी, म्हणजे सोंग घेतलेला नाचणारा, डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप घालतो, अंगाला राख फासतो. ज्याला हॅलोविनच्या सोंगाचं आकर्षण आहे त्यानं हे पाहावं, फक्त हे नुसतं गंमत म्हणून घेतलेलं सोंग नसतं, त्यांच्यासाठी त्या दिवसांत तो देवच असतो, म्हणून फोटो विचारूनच काढावा. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला पाहुणी जाते, रात्री मुक्काम करते, जेवते, नाचते. पाडव्याला गुरं राखणाऱ्या गोवारी लोकांचं गायगोधन, रंगवलेल्या शिंगांची गुरं आणि ढालपूजन.

आणि मग झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं, मंडई. भाऊबीजेपासून सुरू होते, प्रत्येक गावचा दिवस वेगळा. दिवसा बाजार, गरम जिलेबी, भजे, बांगड्या, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, घरोघर लेकी-जावई आणि सोयरे आलेले, सोयरिकीच्या गोष्टीही तिथंच निघतात. रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचं ठिकाण, तिथल्या मंडळ्या सीझनभर रोज वेगळ्या गावात असतात, आणि झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कितीतरी गावांत आपल्याच घरात काही झाल्यासारखा आनंद झाला. नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते उजाडेपर्यंत चालतं, धान कापणीला आलेलं असतं, दव पडतं, म्हणून अंगावर जाड पांघरूण पाहिजेच. वडसा स्टेशन गोंदिया-बल्लारशा लाइनवर आहे. तारीख आधी कुठं शोधत बसू नये, चहाच्या टपरीवर विचारलं की सांगतात, आज आमची, उद्या शेजारच्या गावची, आणि बहुतेक वेळा लगेच पुढचं विचारतात, जेवाले कोणाकडं उतरले तुमी?