कोकणातील रानजायफळ : संरक्षणाच्या दर्जामागची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे परिसरातील ‘मायरिस्टिका’ (म्हणजे जायफळाच्या कुळातील झाडांच्या) पाणथळीला महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर, म्हणजे सहा एकरांहून थोडे अधिक. एवढ्याशा जागेची दखल घेतली गेली ती तेथे उभ्या असलेल्या ‘मायरिस्टिका मॅग्निफिका’ या जायफळाच्या कुळातील दुर्मीळ वृक्षामुळे.

या झाडाच्या बुंध्यातून जमिनीपासून बऱ्याच उंचीवर फुटलेली आधारमुळे तिरकी होऊन चिखलात रुततात आणि कुजक्या पानांनी काळसर झालेले पाणी त्यांच्यामधून संथपणे वाहत राहते. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्याने एकटेदुकटे झाड वाचवून भागत नाही. बी सुकले की त्याची रुजण्याची ताकद जाते, त्यामुळे ते धान्यासारखे साठवूनही ठेवता येत नाही. बिया दूर नेण्याचे काम मुख्यतः धनेशासारखे मोठे पक्षी करतात.

वनस्पतिशास्त्राला हे झाड एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. मद्रास इलाख्यातील वनाधिकारी रिचर्ड बेडोम यांनी त्याचे वर्णन केले होते. या पाणथळ जंगलाकडे स्वतंत्र वनप्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले ते मात्र १९६० मध्ये अभ्यासक कृष्णमूर्ती यांनी त्रावणकोरातील (आजच्या दक्षिण केरळातील) अशा जागांची नोंद केल्यानंतर. पुढे १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी केलेल्या भारतातील जंगलांच्या वर्गीकरणात त्याला स्थान मिळाले. तोवर नुकसान बरेच झाले होते, कारण ज्या सखल, बारमाही ओलाव्याच्या जागेत हे झाड वाढते, तीच जागा भातशेतीला आणि पोफळीच्या कुळागराला (सुपारीच्या बागेला) सर्वांत सोयीची असते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ मध्ये या प्रजातीचा समावेश ‘संकटग्रस्त’ गटात केला. अशा यादीमुळे धोक्याची नोंद होते, पण यादी म्हणजे कायदा नव्हे, तिने कुऱ्हाड थांबत नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राय (देवराई) टिकली ती देवाच्या धाकाने. अलीकडे दोडामार्ग तालुक्यातच कुंब्रल येथे आढळलेली पाणथळही देवस्थानालगतचीच आहे. देवराईबाहेरच्या खासगी रानांवर दरम्यान रबराच्या लागवडीचे संकट आले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली खरी, तरीही ती बंदी संपूर्ण पट्ट्यासाठी होती. या एका झाडाच्या जागेला नाव घेऊन संरक्षण मिळाले ते वारसा स्थळाच्या घोषणेने.

त्या घोषणेलाही एक मर्यादा आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. वारसा स्थळाची हद्द झाडांभोवती आखली जाते, पाणी मात्र वरच्या उतारावरून येते. वरच्या अंगाला पाट काढून ते बागायतीकडे वळवले, तर हद्दीच्या आत एकही झाड न तोडता पाणथळ कोरडी पडू शकते.