तुर्कीतल्या जोड्या: आधी प्रत्यय, मग फारसी अव्ययं

तुर्की शिकायला घेतली की 'हेम… हेम' (हेही नि तेही), 'ने… ने' (ना हे ना ते), 'या… या दा' (एकतर हे, नाहीतर ते) या जोड्या लवकरच भेटतात. 'ने चाय इचेरिम ने काहवे', म्हणजे मी ना चहा पितो ना कॉफी. इथे 'इचेरिम' हे क्रियापद होकारार्थीच आहे, कारण नकाराचं काम 'ने'नं आधीच उरकलेलं असतं. गंमत म्हणजे प्रत्ययांवर चालणाऱ्या या भाषेत हेम, ने, या हे तिन्ही शब्द फारसीतून आलेले.

त्याआधी काय होतं, ते मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात दिसतं. तिथला क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राचा शिलालेख इ. स. ७३२ चा, त्याची लिपी डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी १८९३ मध्ये उलगडली. चिन्यांनी भावाभावांत कशी फूट पाडली, हे सांगताना तिथे 'इनिली एचिली' असं कोरलंय. इनि म्हणजे धाकटा भाऊ, एचि थोरला. दोन्ही नामांना 'ली' लावला की धाकटे नि थोरले दोघंही आले. 'आणि'ची गरजच नाही. क्रिया जोडायलाही 'प' हा प्रत्यय पुरे. आजच्या तुर्कीत तोच 'इप' होतो: 'गेलिप गित्ती', येऊन गेला. आपल्या 'ऊन'मुळे मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे इस्लामबरोबर अरबी-फारसी आली. अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सेल्जुक या तुर्क राजघराण्याच्या दरबारात तर फारसीच चाले. अरबी 'वे' (आणि), फारसी 'कि', 'चुंक्यु' (कारण) रुळले आणि लांबलचक जोडवाक्यं लिहिण्याची सोय झाली.

तुर्कस्तानात १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, १९३२ मध्ये भाषासंस्था निघाली आणि परके शब्द काढायची मोहीम सुरू झाली. 'नुरुल्लाह आताच' नावाच्या समीक्षकांनी 'वे'सुद्धा टाळून पाहिला. मोठमोठे अरबी शब्द गेले, ही चिल्लर मात्र टिकली. माझ्या मते ते साहजिकच होतं; नामाला प्रतिशब्द घडवता येतो, रोजच्या बोलण्यातलं 'आणि' कोण बदलणार?

जुनी धाटणीही मेलेली नाही. 'गेजेली ग्युंदुझ्लू' म्हणजे रात्रंदिवस, 'इरिली उफाक्ली' म्हणजे लहानमोठे. आधीच्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो, म्हणून गेजेला 'ली' आणि ग्युंदुझला 'लू'. शिवाय 'हवं असणं' या अर्थाच्या क्रियापदापासून घडलेली अस्सल देशी जोडी आहेच: 'इस्तेर गेल, इस्तेर गेल्मे', ये नाहीतर नको येऊस.