एन–१ प्रक्षेपक

सोव्हिएट संघाने माणसाला चंद्रावर उतरवण्यासाठी १९६० च्या दशकात बांधलेला आणि चारही उड्डाणांत अयशस्वी ठरलेला महाकाय प्रक्षेपक. त्याची उंची सु. १०५ मी. व इंधनासह वजन सु. २,७५० ते २,८०० टन होते. पहिल्या टप्प्यातील ३० एंजिनांचा एकत्रित रेटा सु. ४,६०० टन भरत असे, तर अमेरिकेच्या चांद्रमोहिमेतील सॅटर्न–५ या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यातील पाच एंजिनांचा रेटा सु. ३,४०० टन होता. मात्र वरच्या टप्प्यांत वजनाच्या मानाने अधिक रेटा देणारा द्रव हायड्रोजन न वापरल्यामुळे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेता येणारा भार सु. ९५ टन, म्हणजे सॅटर्नपेक्षा बराच कमी होता. चांद्रयानात अमेरिकेच्या अपोलोप्रमाणे तिघांऐवजी दोघेच अवकाशवीर असावेत आणि त्यांपैकी एकानेच चंद्रावर उतरावे, ही योजना त्यातूनच आली.

प्रक्षेपकाचा उगम चांद्रमोहिमेत शोधणे बरोबर ठरणार नाही. नावातील ‘एन’ हे अक्षर ‘वाहक’ या अर्थाच्या ‘नोसितेल’ या रशियन शब्दाचे आद्याक्षर असल्याचे सामान्यतः मानले जाते. सोव्हिएट प्रक्षेपकांचे प्रमुख संकल्पक सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या संकल्पन कार्यालयात अवजड प्रक्षेपकाचा विचार १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातच सुरू झाला होता, असे दिसते. जून १९६० च्या शासकीय ठरावाने त्याला औपचारिक रूप दिले. त्या वेळी लष्करी उपयोग, मोठे अवकाशस्थानक आणि मंगळाची मोहीम ही उद्दिष्टे पुढे होती. चंद्रावर माणूस उतरवण्याचा निर्णय ऑगस्ट १९६४ मध्ये, म्हणजे अमेरिकेने आपले उद्दिष्ट जाहीर केल्यानंतर तीन वर्षांनी झाला. सोव्हिएट संघ चांद्रस्पर्धेत उतरलाच नव्हता, हे मत पूर्वी पाश्चात्त्य लेखनात बऱ्यापैकी रूढ होते. १९८९ मध्ये माहिती खुली झाल्यावर ते टिकले नाही.

इंधनाच्या निवडीवरून कोरोल्योव्ह आणि एंजिनांचे अग्रगण्य संकल्पक व्हॅलेंतिन ग्लुश्को यांच्यात झालेला वाद हा या इतिहासातील सर्वांत अधिक चर्चिला गेलेला भाग होय. एकमेकांच्या संपर्कात येताच पेट घेणारी नायट्रोजन टेट्रॉक्साइड व डायमिथिल हायड्रॅझीन ही द्रव्ये वापरावीत, असा ग्लुश्को यांचा आग्रह होता. ही द्रव्ये अतिशय विषारी असल्याने माणसांना नेणाऱ्या प्रक्षेपकात ती नकोत, केरोसीन व द्रव ऑक्सिजनच हवे, असे कोरोल्योव्ह यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९६० मध्ये कझाकस्तानमधील बैकानूरच्या प्रक्षेपणतळावर अशाच द्रव्यांवर चालणाऱ्या क्षेपणास्त्राचा उड्डाणापूर्वीच स्फोट होऊन अनेक माणसे दगावली होती. काही लेखक वादाचे मूळ १९३८ मधील दोघांच्या अटकेपर्यंत मागे नेतात. परंतु मोठ्या ज्वलनकक्षात केरोसीन व ऑक्सिजनचे ज्वलन स्थिर ठेवताना त्या काळी येणारी अडचण हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. (पुढे एनेर्गिया प्रक्षेपकासाठी ग्लुश्को यांनीच केरोसीन व ऑक्सिजनवर चालणारे एंजिन तयार केले आणि त्यात एका मोठ्या कक्षाऐवजी चार लहान कक्ष ठेवले.)

अखेर हे काम कुइबिशेव्ह (आताचे समारा) येथील निकोलाय कुझ्‌नेत्सोव्ह यांच्याकडे गेले. विमानांची एंजिने हा त्यांचा मूळ व्यवसाय. त्यांचे एनके–१५ एंजिन बंद चक्रावर चालत असे. म्हणजे पंप फिरवणारा वायू बाहेर टाकून न देता तोही मुख्य कक्षात जाळला जाई. त्यामुळे कार्यक्षमता वाढली, पण आकाराने लहान असलेली अशी ३० एंजिने तळाशी दोन वर्तुळांत बसवावी लागली : बाहेर २४ आणि आत सहा. त्यांच्यावर ‘कोर्द’ ही स्वयंचलित यंत्रणा देखरेख ठेवी. एखादे एंजिन बिघडले, की समतोल राखण्यासाठी ती समोरचे एंजिनही बंद करीत असे.

एनके–१५ मधील काही झडपा एकदाच उघडणाऱ्या स्फोटक प्रकारच्या असल्याने एकदा चालवलेले एंजिन पुन्हा वापरता येत नसे. त्यामुळे प्रत्येक गटातील काही एंजिने चाचणीत खर्ची घालून उरलेली न तपासताच बसवली जात. संपूर्ण पहिला टप्पा जमिनीवर बांधून पेटवून पाहण्याचा चाचणीमंच उभारलाच गेला नाही. एंजिनांची मोठी संख्या हेच अपयशाचे मूळ कारण असल्याचे अनेकदा सांगितले जाते. पण अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यातील ३३ एंजिनांचा अनुभव पाहता चाचण्यांच्या अभावाला अधिक महत्त्व द्यावे लागते.

कोरोल्योव्ह जानेवारी १९६६ मध्ये वारले व त्यांचे सहायक वासिली मिशिन यांच्याकडे सूत्रे आली. पहिले उड्डाण २१ फेब्रुवारी १९६९ रोजी झाले. तळाशी आग लागून सु. ६९ सेकंदांनी सर्व एंजिने बंद पडली. ३ जुलै १९६९ रोजी, अपोलो–११ च्या उड्डाणाच्या १३ दिवस आधी, दुसरा प्रक्षेपक जेमतेम मनोऱ्याच्या वर गेला असताना आठव्या क्रमांकाच्या एंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला. कोर्दने एक सोडून सर्व एंजिने बंद केली आणि प्रक्षेपक मंचावरच कोसळला. मंच उद्ध्वस्त झाला. पंपात धातूचा तुकडा शिरल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला, पण कुझ्‌नेत्सोव्ह यांच्या कार्यालयाला तो पटला नाही. तरीही पुढील प्रक्षेपकांत इंधनवाहिन्यांवर गाळण्या बसवण्यात आल्या. जून १९७१ मधील तिसरा प्रक्षेपक स्वतःच्या अक्षाभोवती अनियंत्रितपणे फिरू लागून सु. ५१ सेकंदांनी नष्ट झाला. चौथा २३ नोव्हेंबर १९७२ रोजी १०७ सेकंद उडाला. टप्पा विलग होण्यास अवघी काही सेकंदे उरली होती. मधली सहा एंजिने ठरल्याप्रमाणे एकदम बंद केल्याने नळ्यांत दाबाचा हादरा बसला, असे एंजिनकर्त्यांचे म्हणणे होते, तर चौथ्या क्रमांकाच्या एंजिनाचा पंपच सदोष होता, असे मिशिन यांच्या बाजूचे मत होते.

पुन्हा वापरता येणाऱ्या एनके–३३ एंजिनांसह पाचवे उड्डाण १९७४ मध्ये व्हायचे होते. त्या वर्षी मेमध्ये मिशिन यांना दूर करून ग्लुश्को यांच्याकडेच कोरोल्योव्ह यांची संस्था सोपवण्यात आली. त्यांनी काम थांबवले आणि १९७६ मध्ये प्रकल्प औपचारिकपणे रद्द झाला. टाक्यांचे अर्धगोल बैकानूर परिसरात छपरे म्हणून वापरले गेले. एंजिने नष्ट करण्याचा आदेश असतानाही कुझ्‌नेत्सोव्ह यांनी बरीचशी कोठारात जपून ठेवली. त्यांपैकी काही १९९० च्या दशकात अमेरिकी कंपनीला विकली गेली व २०१३ पासून अँटारीस प्रक्षेपकात वापरली गेली. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी ऑक्सिजन पंप निकामी होऊन अँटारीस कोसळला, तेव्हा चौकशीत पंपात शिरलेला कचरा, मूळ रचनेतील उणीव व निर्मितीतील दोष अशा तीन शक्यता पुढे आल्या.